काचेची बाहेरची बाजू

१

माझा नवरा भित्रा होता. हे मी कुणाच्या कानात सांगत नाही, चांगली मान वर करून सांगते. जिना उतरताना ते कठडा धरायचे. रिकामा रस्ता ओलांडतानाही दोन्हीकडे बघायचे. गॅस बंद केलाय की नाही, हे बघायला अर्ध्या वाटेतून परत यायचे आणि वर मलाच म्हणायचे, "तू विसरतेस म्हणून." आणि अशा माणसाचा धंदा काय, तर उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुण्याचा. दोराला टांगलेल्या पाटावर बसायचं, बाजूला बादली अडकवायची आणि गच्चीपासून एकेक मजला पुसत खाली यायचं.

या कामात दोन दोर असतात. एक पाटाचा, दुसरा जिवाचा. कमरेच्या पट्ट्याचा हूक जिवाच्या दोराला लावला, की पाटाचा दोर तुटला तरी माणूस लटकून राहतो. बाकीचे लोक आधी कठड्याबाहेर पाय टाकायचे आणि मग हूक लावायचे. हे मात्र गच्चीच्या आत, दोन्ही पाय जमिनीवर असतानाच हूक लावून मोकळे व्हायचे. सगळी टोळी त्यांना ससा म्हणायची. त्यांचा जोडीदार ताडमाड उंच, म्हणून तो लांबडा. "सशा, उभ्या उभ्या गच्चीवरून उडून जाशील की काय?" असं लांबडा विचारायचा. हे म्हणायचे, "हसा लेको. माझी बायको याच इमारतीत आहे. तिला उत्तर मला द्यावं लागतं."

ते खरंच होतं. त्याच इमारतीत आतली साफसफाई माझ्याकडे आहे, तीही ठेक्यावरच. हे बाहेरून काच पुसायचे, मी आतून. दोघं एका काचेवर समोरासमोर आलो, की हे बोटाच्या पेरानं टकटक करून एखादा डाग दाखवायचे. म्हणजे, हा तुझ्या बाजूचा आहे, पूस. मी घासघास घासायचे. नाही निघाला, की मग माझी टकटक: तुमच्या बाजूचा आहे, साहेब! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमची खरी भांडणं त्या काचेवर व्हायची, आणि त्यांत कुणाचा आवाज कुणाला ऐकू जायचा नाही.

२

ते गेले तेव्हा मी तळमजल्यावर फरशी पुसत होते. आवाज मी ऐकला. त्याबद्दल जास्त सांगणार नाही. मी बाहेर धावत जाईपर्यंत त्यांच्यावर ताडपत्री घातलेली होती आणि लांबडा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

पाटाचा दोर तुटला, हे सगळ्यांनाच मान्य होतं. प्रश्न जिवाच्या दोराचा होता. तो गच्चीवर सिमेंटात रोवलेल्या एका लोखंडी कडीला बांधतात. इमारतीचे मॅनेजर साहेब म्हणाले, "माणूस ठेकेदाराचा. आमचा काय संबंध?" ठेकेदार म्हणाला, "कडी इमारतीची. माझी फक्त माणसं आणि दोर." हा एकमेकांच्या गळ्यात घालायचा खेळ बरेच दिवस रंगला. मग दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. कडी चांगली, दोर चांगला, चूक मेलेल्याची. त्यानं हूक लावलाच नव्हता.

मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. एरवी त्या खुर्चीवरची धूळ झटकणं एवढाच माझा तिच्याशी संबंध. "हे बघा ताई," ते म्हणाले, "कायद्यानं तुम्हाला काही मिळण्यासारखं नाही. पण आम्हीही माणसं आहोत. कंपनी माणुसकी म्हणून मदत करेल. तुम्ही फक्त लिहून द्यायचं, की अपघात त्यांच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला आणि तुमची कुणाविरुद्ध तक्रार नाही."

"निष्काळजीपणा?" मी म्हणाले. "साहेब, तो माणूस दुधाची पिशवीसुद्धा उलटीपालटी करून बघायचा."

"एखाद्या दिवशी माणूस चुकतो, ताई."

"चुकतो ना. पण ह्यांना भीती वाटायची. जिवाला घाबरणारा माणूस हूक विसरतो होय?"

साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. तपासणी अधिकारी येण्याआधी विचार करा, म्हणाले. मी नाही म्हटलं आणि चौकशीत ह्यांचीच चूक ठरली, तर मदतही गेली आणि माझं कामही गेलं, हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही. पण तेवढं समजायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

३

चौकशी संपेपर्यंत बाहेरच्या धुलाईला बंदी होती. गच्चीला कुलूप, किल्ली मॅनेजर साहेबांच्या खिशात. समोर एक जुनी इमारत पाडायचं काम चालू होतं. तिची धूळ बसून आमच्या काचा बघता बघता राखाडी झाल्या. आत दिवसाढवळ्या दिवे लावावे लागायचे.

एका सकाळी मी सगळ्यात वरच्या मजल्यावर गेले, तर एक काच लख्ख होती. शेजारच्या दोन्ही बाजूंच्या काचा मळलेल्या आणि मध्ये ही एकच, जणू तिथे काच नाहीच.

मी वेडीबिडी नाही. आधी वाटलं, ठेकेदारानं चोरून माणूस लावला असेल. मग वाटलं, पहाटे दव पडून ओघळलं असेल. पण दव कोपरे पुसत नाही. बहुतेक सगळे पुसणारे रबरी पट्टी वरून खाली ओढतात आणि चौकटीशी पाण्याची एक रेघ ठेवून देतात. ती वाळली की पांढरी दिसते. या काचेला रेघ नव्हती. फडक्याचं टोक कोपऱ्यात फिरवून शेवटचा थेंबसुद्धा टिपलेला होता. एवढा जीव लावून काच पुसणारा माणूस मी एकच पाहिला आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच्या खालच्या मजल्यावरची काच. मग त्याच्याही खालची. रांग तीच, ज्या रांगेवर हे शेवटचे उतरत होते.

मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण खरं सांगू का, आधी ऊर भरून आला. काम काय होतं! ऑफिसातले लोक चहाचे कप घेऊन त्या काचेसमोरून जात होते आणि एकाचंही लक्ष नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे बघा तरी, याला म्हणतात काच पुसणं.

४

ह्यांची थोरली बहीण आमच्याकडेच राहायला आली होती. नणंदबाई तशा मायेच्या, पण जीभ विळ्यासारखी. भाजी चिरता चिरता त्या म्हणाल्या, "सही करून टाक ग. मेलेल्याला काय फरक पडतो?"

"मला पडतो, ताई."

"तुझा ताठा शाळेत नेऊन देणार आहेस का पोरीच्या फीऐवजी?"

मी काचांबद्दल सांगितलं. त्यांनी विळी बाजूला ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. चार दिवस सुट्टी घे."

"ठेक्यावर सुट्टी कसली, ताई? चार दिवस गेले नाही तर पाचव्या दिवशी माझ्या जागी दुसरी."

"मग त्या काचांकडे बघू नकोस."

"काचा पुसायचं काम आहे माझं. डोळे मिटून पुसू?"

त्यांना हसू आलं आणि मग लगेच रडू आलं. भावाला त्यांनीच कडेवर घेऊन वाढवलं होतं.

माझी पोरगी अभ्यास करत होती. वहीतून डोकं वर न काढता तिनं विचारलं, "आई, बाबांनी खरंच हूक लावला नव्हता का? शाळेत सगळे म्हणतात."

"लावला होता."

"तू पाहिलंस?"

मी तळमजल्यावर होते. मी काहीच पाहिलं नव्हतं. पोरीनं पान उलटलं ते कितीतरी जोरात.

५

ऑफिसची जेवणाची सुट्टी होती. मी मधल्या मजल्यावरच्या लांब हॉलमध्ये एकटी काचा पुसत होते. त्या रांगेतल्या, अजून मळलेल्या काचेपाशी आले आणि वरून आवाज आला. किर्रर्र. ओल्या काचेवर रबर ओढल्याचा.

कबुतरं असतील. पत्रा सैल झाला असेल. समोर पाडापाडी चालू आहे, तिथला आवाज घुमत असेल. मी एवढी कारणं शोधली, की माझं मलाच कौतुक वाटलं. मग वरून पाण्याचे ओघळ आले आणि माझ्यासमोरच्या धुळीत काळ्या रेघा ओढत खाली गेले.

किर्रर्र थांबलं. हॉलमधलं घड्याळ, कुणाच्या तरी टेबलावरचा चालू राहिलेला पंखा, एवढंच. आणि मग माझ्या खांद्याच्या उंचीवर, बाहेरून, काचेवर कुणीतरी वाजवलं.

माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता तिथे. नेमका तिथेच.

"कळलं, कळलं, पुसते," मी म्हणाले आणि पुसला. सवयच ती. फडकं खाली घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी कुणाशी बोलले.

एक गोष्ट सांगते, ती मी नणंदबाईंना सांगितली नाही. बोटाचं पेर काचेवर वाजलं की कोरडा, कडक आवाज येतो. हा आवाज कोरडा नव्हता. मऊ होता. फडक्यात काहीतरी गुंडाळून आपटावं तसा. त्यांना ताडपत्रीखालून बाहेर काढलं तेव्हा त्यांचे हात मी पाहिले होते. म्हणून मला तो आवाज कळला.

धुळीपलीकडे काहीतरी काळपट होतं. पाटावर बसलेल्या माणसाचं डोकं जिथे असायला हवं, त्याच्या बरंच खाली. ते हललं आणि मी बादली तिथेच टाकून पळाले.

६

शेवटी मॅनेजर साहेबांनाही ती रांग दिसली. रस्त्यावरून बघितलं तर मळक्या इमारतीवर वरून खाली उजेडाचा एक पट्टा उतरत होता, तो कुणाला दिसणार नाही? त्यांनी ठेकेदाराला सगळ्यांसमोर झापलं. "चौकशी चालू असताना माणूस लावतोस? माझी नोकरी घालवायचीय का?"

"आईशपथ साहेब, माझा एक माणूस इकडे फिरकला नाही! आणि गच्चीची किल्ली तुमच्याकडे आहे ना?"

साहेबांनी खिसा चाचपला. किल्ली होती. मग त्यांनी खाली पहारेकरी बसवला आणि त्या रांगेतल्या सगळ्या काचांवर पडदे पाडायला लावले. मीच पाडले. दुसऱ्या दिवशी पडद्याची कड बाजूला करून पाहिलं, तर आणखी एक काच लख्ख. पहारेकरी म्हणे रस्त्याकडे बघत बसला होता. वर बघायची त्याची छाती झाली नसणार.

मागच्या दाराशी लांबडा भेटला. ठेकेदारानं त्याला हल्ली कचरा उचलायला लावलं होतं, नजरेखाली राहावा म्हणून. मी त्याला सरळ विचारलं, "त्या दिवशी तू होतास. हूक लावलेला होता ना?"

"वहिनी, मला विचारू नका. माझ्याही घरी खाणारी तोंडं आहेत."

"त्यांच्याही घरी आहेत."

त्यानं कचऱ्याची पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "वहिनी, त्या काचांना खाली पाण्याची रेघ आहे?"

"नाही."

एवढा ताडमाड माणूस, पण मटकन पायरीवर बसला. मी त्याला पाणी आणून दिलं. तो ते प्यायलाही नाही, नुसता पेला धरून बसला.

त्या दुपारी मी स्वतःची खात्री करून घ्यायचं ठरवलं. कारणं शोधून कंटाळा आला होता. हाताला मलम चोळलं, पुढच्या मजल्यावरच्या काचेशी पडद्यामागे गेले आणि आतून पूर्ण पंजा उमटवला. मग पडद्याला पाठ लावून उभी राहिले. माझ्या आणि बाहेरच्या धुळीच्या मध्ये एक काच, बस्स.

किर्रर्र सुरू झालं. वरून खाली, पुन्हा वरून खाली, मजेत, घाई न करता. मग फडक्याची घसघस. मी नजर माझ्या पंजावरच रोखून धरली, पलीकडे पाहिलं नाही.

पहिला ठोका अंगठ्यावर पडला. मऊ. मग पहिल्या बोटावर, मग मधल्या. एकेक बोट दाखवून झाल्यावर शेवटी तळव्याच्या मधोमध. मी पुसलं. सगळं पुसलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "आता निघालं का बघा."

बाहेरून काही वाजलं नाही. म्हणजे निघालं होतं.

मी पडद्यातून बाहेर आले तेव्हा मी हसत होते. ह्याच्या खालचा मजला बैठकीच्या खोलीचा. तपासणी अधिकारी बाई दुसऱ्या दिवशी तिथेच बसणार होत्या. आणि त्या दिवशी हे पडले, ते त्याच मजल्यावरून.

७

खोटं कशाला बोलू, सकाळी घरून निघताना मी सही करायचं जवळजवळ ठरवलं होतं. कागद पर्समध्ये, पेनही पर्समध्ये. पोरीला मी उत्तर देऊ शकले नव्हते, ते आत कुठेतरी सलत होतं. आणि दुसरं म्हणजे मला भीती वाटायला लागली होती. काच पुसली जाते, ठीक आहे. पण ते खाली येतंय. बैठकीच्या मजल्यानंतर आणखी मजले आहेत, आणि मजले संपले की जमीन. तिथे पोचल्यावर ते काय करणार? मी सही केली, सगळं मिटलं असं लिहून दिलं, तर थांबेल का?

नणंदबाईंनी माझ्या गणवेशाची कॉलर नीट केली. "ठरलं?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत, ताई."

"मी तुला सही कर म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "पण माझा भाऊ निष्काळजी नव्हता. एवढंच सांगते." आणि त्या पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेल्या.

८

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. टेबलाच्या टोकाला अधिकारी बाई. वयानं माझ्याएवढ्याच असतील, चष्मा, पुढ्यात कागद. एका बाजूला मॅनेजर साहेब आणि ठेकेदार, एकमेकांत दोन खुर्च्यांचं अंतर सोडून. लांबडा दाराजवळ उभा. मला बाईंनी शेजारी बसवलं. माझ्या पाठीशी पडदा पाडलेली काच.

"आज सकाळीच मॅडमना मी गच्ची दाखवली," मॅनेजर साहेब म्हणाले. "कडी जागच्या जागी आहे, मजबूत आहे. पहिल्या दिवसापासून हीच कडी आहे. जिवाचा दोरही सुरक्षित मिळाला. तेव्हा पट्ट्याचा हूक लावलेला नव्हता, एवढाच अर्थ निघतो."

ठेकेदारानं मान डोलावली. अधिकारी बाईंनी लांबड्याकडे पाहिलं. "तुम्ही काय सांगाल?"

"मी दुसऱ्या बाजूला होतो," लांबडा जमिनीकडे बघत म्हणाला.

"तुम्हाला काही म्हणायचं आहे?" बाईंनी मला विचारलं. आवाजात माया होती, पण त्यांच्यापुढचे कागद माझ्या बाजूचे नव्हते.

मी पर्स उघडली. आतला कागद हाताला लागला. तेवढ्यात माझ्या मागे, पडद्यापलीकडे, आवाज आला. किर्रर्र.

पुन्हा आला. वरच्या चौकटीपासून खालच्या चौकटीपर्यंत, लांबलचक.

"वारा आहे," मॅनेजर साहेब म्हणाले.

वारा घसघस करत नाही. फडकं करतं. कोपऱ्यातला थेंब टिपताना होते ती घसघस मी ओळखली आणि काय सांगू, त्या क्षणी माझी भीती कुठल्या कुठे गेली. एवढा मोठा साहेब, एवढा पैसेवाला ठेकेदार, आणि दोघांचे चेहरे खडूसारखे पांढरे. आणि बाहेर माझा माणूस आपलं काम करत होता.

"बाहेर काम चालू आहे?" अधिकारी बाई करड्या आवाजात म्हणाल्या. "मी बंद ठेवायला सांगितलं होतं."

"माझा कुणी नाही, मॅडम! शपथेवर सांगतो!" ठेकेदार उभाच राहिला.

मी उठले आणि पडद्याची दोरी ओढली. मॅनेजर साहेब "नको, राहू दे" म्हणेपर्यंत पडदा वर गेला होता.

काच ओली होती, स्वच्छ होती, आणि तिच्यापलीकडे एक दोर वरून खाली गेला होता. रिकामा दोर वाऱ्यानं हलतो. हा हलत नव्हता. ताणलेला होता, आणि खाली वजन असल्यासारखा बारीक थरथरत होता.

मॅनेजर साहेबांबद्दल एक मात्र म्हणेन. त्या क्षणी ते आधी माणूस होते आणि मग मॅनेजर. त्यांनी फोन उचलला आणि पहारेकऱ्यावर ओरडले, "गच्चीवर कोण चढलंय? आधी वर ओढा त्याला! ती कडी वजन घेणार नाही, कालच बसवलीय, आतलं सिमेंट ओलं आहे! पडेल तो! अरे, हाही पडेल!"

फोनमधून पहारेकऱ्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. "गच्चीला कुलूप आहे, साहेब. वर कुणी नाही."

साहेबांनी फोन खाली ठेवला. आपण काय बोललो, हे त्यांना तेव्हा कळलं. अधिकारी बाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"कालच बसवली?" त्या म्हणाल्या. "मग आधीची कुठे आहे?"

लांबडा दारापासून पुढे आला होता, त्याची नजर दोरावर. "वहिनी, काचेपासून लांब व्हा," तो पुटपुटला.

मी लांब झाले नाही. मी काचेला गाल लावला आणि खाली पाहिलं. काच गार होती.

पिवळं हेल्मेट दिसलं, वरून. खांदे दिसले. हेल्मेट खांद्यांच्या मध्ये नव्हतं, एका बाजूला होतं. त्याबद्दलही जास्त सांगणार नाही. कमरेचा पट्टा दिसला. पट्ट्यापासून निघालेला हूक दोराला लागलेला होता, खटका बंद, घट्ट. उन्हात चमकत होता. मी तो एवढा स्पष्ट पाहिला, की पोरीला चित्र काढून दाखवू शकेन.

"ताई," मागून अधिकारी बाईंनी विचारलं, "काय दिसतंय तुम्हाला?"

"हूक लावलाय, मॅडम. लिहून घ्या."

"ताई..."

"लिहून घ्या, मॅडम," लांबडा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता, पण आता तो थांबत नव्हता. "लावलेलाच होता. कडी त्यांच्याबरोबर खाली आली. दोर, कडी, पट्टा, सगळं एकात एक. ह्या दोघांनी माझ्याकडून तो हूक सोडवून घेतला. माझ्या ह्या हातांनी सोडवला मी."

ठेकेदार काहीतरी ओरडला. खुर्ची पडली. बाईंचं पेन कागदावर चालायला लागलेलं मला ऐकू आलं.

खाली ते हेल्मेट हललं. हळूहळू, वेड्यावाकड्या बाजूनं, चेहरा वर वळायला लागला. दोर थरथरला आणि ते वर सरकलं, काचेजवळ, माझ्या गालाच्या उंचीपर्यंत. माझ्यामागे लांबडा आपले डोळे झाकून खाली बसला, ते मला काचेत दिसलं.

मी डोळे झाकले नाहीत. माझा नवरा होता तो.